बर्फातली शाकारणी

गेला महिनाभर आम्हा भावंडांचे फोन चालू आहेत ते एकाच विषयावर, माहेरच्या घराचं छप्पर. वासे वाळवीने खाल्लेत, पावसाळ्यात माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवावी लागतात. कौलं ठेवायची की पत्रे घालायचे, आणि खर्च कोणी किती द्यायचा, एवढा साधा प्रश्न. पण त्यावर जेवढं बोलणं झालं तेवढं आमच्या लग्नांच्या वेळीही झालं नसेल!

या बोलण्यात मला सारखी एका दुसऱ्याच गावची आठवण येत होती. एप्रिल २००९ मध्ये भाच्याकडे नागोयाला गेले होते, तेव्हा त्याने एक दिवस गाडी काढून शिराकावा-गो नावाच्या खोऱ्यात नेलं. मध्य जपानच्या डोंगरात, गिफू प्रांतात, शोगावा नदीच्या काठी हे गाव आहे. एप्रिल संपत आला होता तरी घरांच्या सावलीत मळकट बर्फाचे ढीग होते. एका घरावर माणसं चढली होती. छपराची एक बाजू काळीकुट्ट, जुन्या गवताची, आणि दुसऱ्या बाजूला नवं सोनेरी गवत चढत होतं. मी भाच्याला म्हटलं, "अरे, ही तर शाकारणी!" त्याला शब्द माहीत नव्हता. पुण्यातला मुलगा, त्याला कशी माहीत असणार? पण मी तिथे तासभर उभी राहिले. घरी आल्यावर जे मिळेल ते वाचत गेले. ते सगळं आज जरा नीट लिहून काढते.

आधी बर्फाविषयी. भूगोलाच्या तासाला मी मुलांना सांगत असे की जपान म्हणजे भूकंप आणि ज्वालामुखी. बर्फाचं फारसं सांगितलं नाही, ही माझी चूकच. हिवाळ्यात सायबेरियातून कोरडे, बोचरे वारे निघतात, जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात, आणि जपानचे डोंगर चढताना ते सगळं बर्फ होऊन खाली येतं. म्हणजे आपल्या सह्याद्रीने अडवलेल्या पावसासारखाच प्रकार, फक्त गोठलेला. शिराकावाच्या खोऱ्यात दोन मीटर बर्फ साचणं ही नेहमीची गोष्ट आहे. साचून घट्ट झालेल्या बर्फाचं वजन घनमीटरला साधारण ३०० किलो धरलं, तर दोन मीटर थराखाली प्रत्येक चौरस मीटरवर ६०० किलो भार येतो. आपल्या कोकणातल्या उतरत्या छपरावर एवढा भार टाकला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून तिथली छपरं उभट असतात, जवळजवळ ६० अंशांची. समोरून पाहिलं तर भूमितीतला समभुज त्रिकोणच. बर्फ घसरून खाली जावा हा हेतू. तरीही सगळा जात नाही, माणसांना वर चढून फावड्याने ढकलावा लागतो. दोन्ही बाजू अशा टेकलेल्या दिसतात की जणू कोणी हात जोडले आहेत. त्यावरूनच या बांधणीचं नाव पडलं, गाश्शो-झुकुरी. गाश्शो म्हणजे प्रार्थनेत जोडलेले हात. नमस्कार म्हणा ना!

ओगिमाची हे तिथलं मोठं गाव. घरांची आढी नदीच्या दिशेने, साधारण दक्षिणोत्तर धरलेली आहेत. त्याने दोन गोष्टी साधतात. खोऱ्यातून वाहणारा जोराचा वारा घराच्या अरुंद बाजूवर येतो, आणि छपराच्या दोन्ही उतारांना सकाळ-संध्याकाळचं ऊन सारखं मिळून बर्फ वितळतो, गवत वाळतं.

घराचे दोन भाग समजून घेतले पाहिजेत. खालचा मजला, म्हणजे खांब, तुळया, भिंती, हे सुतारांचं काम. हिदा या भागातले सुतार तर फार जुन्या काळापासून नावाजलेले. आठव्या शतकात या प्रांताने करांऐवजी आपले सुतार राजधानीला कामाला पाठवायचे, अशी पद्धत होती. बर्फाच्या दाबाने डोंगरउतारावरची झाडं बुंध्यापाशी वाकून वाढतात. ते वाकडं लाकूड टाकून न देता, त्याच वाकाचा उपयोग करून खालच्या तुळया बसवलेल्या आहेत.

वरचं त्रिकोणी छप्पर मात्र सुतारांचं नाही, ते गावाचं. त्यात लोखंडी खिळा नाही. जाड वाशांची खालची टोकं तासून निमुळती करतात आणि तुळईतल्या खोबणीत टेकवतात. वरती सगळं गवताच्या दोरांनी आणि नेसो नावाच्या झुडपाच्या ओल्या, लवचीक फांद्यांनी बांधतात. ही फांदी वाळली की आवळत जाते. त्यामुळे वारा आला, बर्फाचा भार आला, तर छप्पर थोडं हलतं, पण मोडत नाही. १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडून जपानला आलेला वास्तुकार ब्रुनो टाउट १९३५ साली इथे येऊन गेला. या घरांमागचा तर्कशुद्ध विचार पाहून त्याने त्यांची फार स्तुती केली, आणि मग बाहेरच्या जगाला या खोऱ्याची माहिती झाली.

एवढं उंच छप्पर नुसतं बर्फासाठी नव्हतं बरं का. त्याच्या पोटात दोन-तीन माळे असत आणि त्यांवर रेशमाचे किडे पाळले जात. भातशेतीला जमीन थोडी, तेव्हा पोट भरणार कशावर? रेशीम हे एक साधन. दुसरं ऐकून मला आश्चर्यच वाटलं, ते म्हणजे शोरा. बंदुकीच्या दारूत लागतो तो. घरातल्या जमिनीखाली खड्डा करून माती, झाडपाला आणि रेशीमकिड्यांची विष्ठा थरांनी घालायची, काही वर्षं कुजू द्यायची आणि त्यातून शोरा काढायचा. खालच्या अंगाला असलेल्या गोकायामातला शोरा कागाच्या सरदारांकडे जात असे. वर रेशीम, खाली दारूगोळा आणि मधे माणसं, असा संसार!

आणि मधे चूलही. इरोरी म्हणजे जमिनीतच केलेली उघडी चूल, तिला धुराडं नाही. धूर वर चढायचा, सगळे माळे ओलांडून गवतातून बाहेर पडायचा. डोळ्यांना त्रास व्हायचा खरा, पण त्या धुराने गवत कोरडं राहायचं, किडे लागायचे नाहीत, दोर काळे होऊन टिकायचे. अशा धुरकट घराचं छप्पर पन्नास वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकत असे. आता गॅस आणि वीज आली, चूल बंद झाली, तर तेच छप्पर तीस-चाळीस वर्षांत बदलावं लागतं. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातले वासे डांबरासारखे काळे होते आणि तिथे वाळवी कधी लागली नाही. गॅस आला आणि वीस वर्षांत तिथेच पहिल्यांदा लागली. तेव्हा आम्हाला कारण कळलं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. एवढं मोठं छप्पर बदलायचं कोणी? एकाच कुटुंबाने बदलायचं म्हटलं तर महिने लागतील, आणि मधे पाऊस आला तर घर कुजेल. उघडं केलेलं छप्पर त्याच दिवशी झाकायला हवं. एका दिवसात एक बाजू पुरी करायची तर शंभर, दीडशे, कधी दोनशे माणसं लागतात. ही माणसं पैसे देऊन आणण्याची कोणाचीच ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी जी रीत बसवली तिचं नाव युई. अर्थ बांधणं, जोडणं असाच आहे. आपल्याकडे शेतीत सावड होती, देशावर इर्जिक होती, त्याच जातीची ही. आज सगळ्यांनी माझ्या घरावर चढायचं, पुढे तुमच्या घराची पाळी आली की मी यायचं.

तयारी काही वर्षं आधी सुरू होई. शरद ऋतूत डोंगरावरचं उंच गवत कापायचं, पेंढ्या बांधून वाळवायच्या, साठवायच्या. हजारो पेंढ्या लागतात. हिवाळ्यात बर्फाने कोंडून घातलं की घरात बसून दोर वळायचे. वसंतात बर्फ गेला की दिवस ठरायचा. पहाटे जुनं गवत उतरवायचं. मग खालून वर नव्या पेंढ्यांचे थर लावत जायचं. जाणती माणसं कडांवर, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच. एक माणूस बाहेरून लांब लाकडी सुई गवतात खुपसतो, आत अंधारात बसलेला माणूस तिच्यातला दोर वाशाभोवती घेऊन परत सुईत ओवतो आणि सुई बाहेर जाते. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. आवाजावरच काम चालतं. बायका सगळ्यांचं जेवण करायच्या, पेंढ्या पोचवायच्या. संध्याकाळी छप्पर झालं की साके आणि जेवण.

हे सगळं आठवणीवर सोडलेलं नव्हतं, हे मला मास्तरीणबाईला फार आवडलं. घरोघरी वह्या असत. अमक्याच्या घरच्या कामाला कोणाकडून किती माणसं आली, किती गवत आलं, किती दोर आले, ते लिहून ठेवायचं. तीस-चाळीस वर्षांनी त्यांची पाळी येणार, तोवर म्हातारा असेल-नसेल, पण वही असेल. म्हणजे आजोबांनी घेतलेलं उसनं नातवाने फेडायचं, तेही पैशांनी नाही, तर स्वतः वर चढून.

आता यावर कोणी म्हणेल, काय सोन्यासारखे दिवस! तसं मी म्हणणार नाही. युईला नाही म्हणायची सोय नव्हती. जपानी खेड्यांत रीत मोडणाऱ्याला वाळीत टाकत, त्याला मुराहाचिबु म्हणत. आग लागली आणि मयत झालं तर तेवढी मदत करायची, बाकी व्यवहार बंद. शिराकावाच्या दक्षिण भागात तर जमीन वाटली जाऊ नये म्हणून फक्त थोरल्या मुलाने बायको घरी आणायची. धाकट्यांनी रात्रीपुरतं बायकोच्या घरी जायचं, मुलं आईच्या घरी वाढायची. एका छपराखाली वीस-तीस माणसं नांदत ती अशी. धाकट्या भावाला आणि त्याच्या बायकोला काय वाटत असेल ते कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं समजून मी हे लिहीत नाही.

पुढे काय झालं ते आपल्याकडच्यासारखंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बाहेरचा स्वस्त शोरा आला आणि खड्डे बंद झाले. १९३० च्या मंदीनंतर आणि नायलॉन आल्यावर रेशीम खालावलं. तरणी मुलं शहरात गेली. मग नदीवर धरणं आली. मिबोरो धरण १९६१ साली पुरं झालं, १३१ मीटर उंचीचं, आणि वरच्या बाजूची गावं पाण्यात गेली. तिथलं यानोहारा घराण्याचं प्रचंड घर १९६० मध्ये उकलून योकोहामाच्या सांकेइएन बागेत नेऊन उभं केलं, ते आजही तिथे आहे. गावच्या देवळांच्या आवारातले चेरीचे दोन वृक्ष, चारशे वर्षांहून जुने, धरण बांधणाऱ्या कंपनीचे प्रमुख राहिलेल्या ताकासाकी तात्सुनोसुके यांच्या आग्रहामुळे मुळासकट उचलून वर लावले. सगळे म्हणत होते की जगणार नाहीत. जगले. आम्ही गेलो तेव्हा जलाशयाच्या काठी ते फुलावर यायच्या बेतात होते. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावची एक मैत्रीण होती मला, डीएडला बरोबर असलेली. त्या झाडांखाली तिची आठवण झाली.

जी घरं बुडाली नाहीत त्यांतली पुष्कळ लोकांनी विकली किंवा पाडली. जपानभर खेड्यांत गवतावरच पत्रा ठोकायची पद्धत पडली. चुकलं असं कोण म्हणणार? पत्रा एकदा घातला की दोनशे माणसांचे उपकार घ्यायला नकोत.

अशा वेळी १९७१ साली ओगिमाचीच्या लोकांनी एकत्र येऊन तीन गोष्टी ठरवल्या: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. हे सरकारने सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनी ठरवलं. सरकार मागून आलं. १९७६ मध्ये गावाला संरक्षित वस्तीचा दर्जा मिळाला आणि डिसेंबर १९९५ मध्ये ओगिमाची आणि गोकायामातली आइनोकुरा व सुगानुमा ही गावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. ओगिमाचीत अशी सुमारे साठ घरं आहेत. आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून गावभर पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत आणि दरवर्षी शरदात एकदम सोडून त्यांची चाचणी घेतात. ती पाहायलाही गर्दी होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये वाहनतळाजवळच्या गवती छपराच्या झोपड्या जळाल्या, पण वारशातली घरं वाचली.

आणि युईचं काय झालं? २००१ मध्ये नागासे घराण्याच्या घराचं छप्पर ऐंशी वर्षांनी बदललं, तेव्हा युई बोलावली गेली. शेकडो लोक आले, जपानी दूरदर्शनने ते देशभर दाखवलं. पण एरवी आता बरंचसं काम वनसंस्थेचे पगारी कारागीर करतात, आणि खर्चातला मोठा भाग सरकारी अनुदानातून येतो. डोंगरावरची गवताची कुरणं कमी झाली, म्हणून गवतही काही बाहेरून आणावं लागतं. मी पाहिलं त्या दिवशी वर चढलेले लोकही पगारीच होते, असं भाच्याने विचारून सांगितलं. मला थोडं वाईट वाटलं. पण मग मनात आलं, काम तर नीट चाललंय, छप्पर तर होतंय. पाहुण्यांच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून त्यांनी उपाशी राहून युई का करावी?

आता आपल्या घराकडे येते. लेख वाचणारे निम्मे त्याच घरातले आहेत, म्हणून इथेच लिहिते.

आमच्याकडे दर वैशाखात शाकारणी असे. नळीची कौलं सगळी उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची, पुन्हा लावायची. खालच्या वाडीतून गडी येत, दोन घरचे, पिढ्यान् पिढ्या तेच. आजोबांची वही मी पाहिली आहे. शाकारणी, गडी इतके, भात इतक्या पायल्या. अक्षर फार सुंदर. जपानच्या त्या वह्यांबद्दल वाचल्यापासून मला आजोबांच्या वहीतली एक गोष्ट खटकते. तिच्यात फक्त दिलेलं लिहिलंय. कोणाचं काम आपल्यावर फिरलंय आणि ते कधी फेडायचं, असा रकानाच नाही. भात मोजून दिला की संपलं. शिराकावात जो वर चढायचा त्याच्या घरावर दुसऱ्याला चढावंच लागायचं. आमच्या घरावर पन्नास-साठ वर्षं जे चढले, त्यांच्या घरावर आमच्यातलं कोणी एकदा तरी चढलं का? ती घरं आतून कशी आहेत हेसुद्धा मला सांगता येणार नाही. तेव्हा तिकडे जायची रीत नव्हती, आणि का नव्हती ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्या घराची चाळीसेक कौलं गेली. आपण दुसऱ्या दिवशी मुंबई-पुण्याहून फोन केले आणि त्याच दोन घरांतली मुलं येऊन आपलं छप्पर झाकून गेली. त्यांचं स्वतःचं एक पाखं अख्खं उडालं होतं. हे मला सहा महिन्यांनी वहिनीकडून कळलं. कळल्यावरही मी फोन केला नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही आणि मग राहूनच गेलं.

तर माझं मत विचारलंत म्हणून सांगते. पत्रे घालायचे तर घाला, माझी हरकत नाही. कौलांवर माझा जीव आहे, पण माळ्यावर चढायला आता गुडघे नाहीत आणि दर वैशाखात तिथे राहायला आपल्यातलं कोणी नाही. माझ्या वाट्याचे पैसे मी देणार आहे, पण एका अटीवर. कारागीर आणि सामान येईल तेव्हा आधी खालच्या वाडीतल्या त्या दोन घरांची छपरं व्हायची, मग आपलं. त्यांना हवं असेल तर, आणि त्यांना हवं तसं. हे दान म्हणून कोणी मिरवू नये. उसनं घेतलेलं आहे, उशिरा का होईना, फेडायचं आहे. मी वैशाखात जाणार आहे. छपरावर नाही चढता येणार, पण वीस माणसांचं जेवण अजून करू शकते.

अण्णा, तुझा फोन रविवारी येईल असं धरून चालते. आणि आजोबांची ती वही तुझ्या कपाटात आहे ना, ती येताना घेऊन ये. मागची पानं कोरी आहेत.